क्रेश्बाचा सीओटू: अल्जीरियातली भूगर्भ साठवण सात वर्षांत का थांबली

हे प्रकरण अल्जीरियाच्या सहारातल्या क्रेश्बा गॅस क्षेत्राचं आहे. गॅसमधून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू, इथे २००४ ते २०११ या काळात जमिनीखाली सोडला गेला. ३८ लाख टन साठवल्यावर पंप बंद करण्यात आले. ठिकाण, कंपन्या आणि आकडे जाहीर नोंदीतले आहेत. निर्णय घेणाऱ्या माणसांची नावं इथे घेतलेली नाहीत, कारण प्रश्न कुणा एका माणसाचा नव्हता. विहिरीच्या तळाचा दाब कुठे थांबवायचा हे आधी कसं ठरवायचं, हा प्रश्न होता.

पार्श्वभूमी

इन सालाह हा मध्य सहारातल्या गॅस क्षेत्रांचा समूह आहे. सोनाट्राक ही अल्जीरियाची सरकारी कंपनी, ब्रिटनची बीपी आणि नॉर्वेची स्टॅटऑइल या तिघांनी मिळून तो उभा केला. २००४ मध्ये उत्पादन सुरू झालं. पहिल्या टप्प्यात क्रेश्बा, तेगेन्तूर आणि रेग ही तीन क्षेत्रं होती. तिन्हींचा गॅस क्रेश्बाला एकत्र येऊन शुद्ध व्हायचा आणि तिथून उत्तरेला हासी रमेलच्या मोठ्या केंद्राकडे जायचा.

या गॅसमध्ये क्षेत्रानुसार १ ते १० टक्के सीओटू आहे. विक्रीच्या करारात मर्यादा ०.३ टक्क्याची. त्यामुळे सीओटू काढणं हा ऐच्छिक भाग नव्हताच. उंच टॉवरमध्ये वरून अमाईन या रसायनाचं द्रावण आणि खालून गॅस सोडतात. द्रावण सीओटू शोषून घेतं, दुसऱ्या टॉवरमध्ये ते तापवलं की सीओटू सुटतो आणि द्रावण पुन्हा वापरात येतं. जगातल्या बहुतेक गॅस प्रकल्पांत सुटलेला सीओटू चिमणीतून हवेत जातो. इथे तो चार टप्प्यांत दाबून, पाणी काढून, २०० बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण २०० पट, दाबाला नेऊन जमिनीत घालायचं ठरलं.

पाणी काढणं महत्त्वाचं. ओला सीओटू साध्या पोलादी पाइपला आतून खातो, कारण पाण्यात मिसळला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं. कोरडा असेल तर तोच पाइप वर्षानुवर्षं टिकतो.

साठवणुकीच्या यंत्रणेवर सुमारे १० कोटी डॉलर जादा खर्च झाला. या खर्चाची परतफेड कुठूनही होणार नव्हती. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून असंच काम सुरू होतं, पण तिथे १९९१ पासून कार्बन कर लागू होता आणि सीओटू जमिनीत घातला की तो कर वाचायचा. अल्जीरियात असा कर नव्हता. कार्बन क्रेडिट, म्हणजे कमी केलेल्या उत्सर्जनापोटी मिळणारं विकता येणारं प्रमाणपत्र, मिळेल ही आशा होती, पण आंतरराष्ट्रीय नियमांत भूगर्भ साठवणीला त्या वेळी जागाच नव्हती. ही बाब पुढच्या निर्णयांवर सावली टाकते. ज्या कामातून एक पैसाही येत नाही, त्यासाठी नवीन विहीर खोदायला मंजुरी मिळवणं कुठल्याही कंपनीत जड जातं.

जमिनीखालची रचना

सीओटू साधारण १,९०० मीटर खोलीवरच्या कार्बोनिफेरस काळातल्या वालुकाश्मात सोडायचा होता. त्याच थरात वरच्या, उंचवट्याच्या भागात क्रेश्बाचा गॅस आहे. उताराच्या बाजूला छिद्रांमध्ये खारं पाणी आहे. विहिरी या पाण्याच्या भागात, गॅसपासून दूर घेतल्या गेल्या. वर सुमारे ९५० मीटर जाडीचा कार्बोनिफेरस मडस्टोन, म्हणजे झाकणासारखं काम करणारा कॅप रॉक. त्याच्याही वर क्रेटेशियस काळातले थर आणि त्यांत सहाराचा प्रसिद्ध गोड्या पाण्याचा भूजलसाठा. म्हणजे काही चुकलंच, तर किंमत कशात मोजावी लागेल हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं.

अडचणीचं मूळ वालुकाश्मातच आहे. थर जेमतेम २० मीटर जाड. सच्छिद्रता १३ ते २० टक्के, म्हणजे बरी. पारगम्यता, म्हणजे खडकातून द्रव-वायू किती सहज वाहतात त्याचं माप, मात्र १० मिलीडार्सीच्या आसपास (एक डार्सी म्हणजे १,००० मिलीडार्सी). स्लाइपनरच्या वाळूची पारगम्यता एक डार्सीहून जास्त आहे, म्हणजे शंभर पटींहून अधिक. तिथे एकाच विहिरीतून वर्षाला सुमारे १० लाख टन सीओटू सहज जात होता आणि दाब जवळपास वाढतच नव्हता. क्रेश्बात तेवढ्याच प्रमाणात सीओटू घालायचा तर तो ढकलावा लागतो. ढकललं की दाब वाढतो, आणि दाब वाढला की प्रश्न खडकाच्या ताकदीवर येतो.

त्यावर उपाय म्हणून केबी-५०१, केबी-५०२ आणि केबी-५०३ या तीन विहिरी थरात आडव्या खोदल्या गेल्या. आडवा भाग दीड किलोमीटरपर्यंत लांब होता. या भागात खडकावरचा सगळ्यात मोठा आडवा ताण वायव्य-आग्नेय दिशेत आहे आणि नैसर्गिक भेगाही त्याच दिशेत धावतात. विहिरी मुद्दाम त्याला काटकोनात घेतल्या, म्हणजे जास्तीत जास्त भेगा ओलांडल्या जातील आणि सीओटू आत शिरणं सोपं होईल. इंजेक्शनच्या, म्हणजे सीओटू जमिनीत दाबून घालण्याच्या, दृष्टीने ही आखणी अगदी रास्त. पण ज्या भेगा सीओटूला आत घेतात, त्याच त्याला दूरवर नेतात, आणि दाब वाढला तर आधी त्याच उघडतात.

देखरेखीची निवड

कशाने काय मोजायचं हे ठरवताना प्रत्येक तंत्र दोन निकषांवर तपासलं गेलं: त्यातून मिळणाऱ्या माहितीचं मोल किती आणि खर्च किती. पुन्हा पुन्हा त्रिमितीय सायझ्मिक, म्हणजे कंपनलहरींनी भूगर्भाचं चित्र घेणारा सर्व्हे, करणं महाग होतं, आणि सहाराच्या खडकाळ पठारावर त्याची प्रत साधारणच येते. पातळ थरातला सीओटू त्यात स्पष्ट दिसेल याची खात्री नव्हती. तुलनेसाठी हाताशी होता तो १९९७ चा सर्व्हे, तोही गॅस शोधण्यासाठी केलेला. वरच्या कॅप रॉकचं चित्र त्यात धड नव्हतं.

उलट उपग्रहाच्या रडारवरून जमिनीची उंची मोजणारं इन्सार हे तंत्र खूप स्वस्त पडलं. दोन वेगळ्या दिवशींच्या रडार प्रतिमांची तुलना करून काही मिलीमीटरचा फरकही पकडता येतो. उघडा खडक, कोरडी हवा, झाडं नाहीत, शेती नाही. या तंत्रासाठी याहून चांगली जमीन मिळणं कठीण. युरोपीय एन्व्हिसॅट उपग्रहाच्या प्रतिमा इंजेक्शन सुरू होण्याआधीपासून उपलब्ध होत्या, त्यामुळे मूळ पातळीही हाती लागली. (कोकणात किंवा सह्याद्रीच्या उतारावर हेच करू गेलात तर भातखाचरं, जंगल आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे सिग्नल तुटतो. क्रेश्बाचा अनुभव आहे तसा उचलून इथे आणता येणार नाही.)

याशिवाय प्रत्येक विहिरीतल्या सीओटूमध्ये वेगळं परफ्लुरोकार्बन ट्रेसर, म्हणजे खुणेचं रसायन, मिसळलं गेलं. कुठेही सीओटू सापडला तर तो कोणत्या विहिरीतला, हे नमुन्यावरून सांगता यावं म्हणून. मातीतल्या वायूचे आणि भूजलाचे नमुनेही घेतले गेले. देखरेखीच्या संयुक्त कार्यक्रमावर सुमारे ३ कोटी डॉलर खर्च झाले.

यात न आलेल्या दोन गोष्टी पुढे महागात पडल्या. इंजेक्शन विहिरींच्या तळाशी कायमचा दाबमापक नव्हता, आणि सूक्ष्म भूकंप टिपणारी यंत्रणा सुरुवातीपासून नव्हती.

तळाचा दाब वरून काढताना काय होतं

हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडायला हवा, कारण अशा प्रकल्पांत हीच चूक पुन्हा होऊ शकते.

वेलहेडवरचा, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी असलेला, दाब मोजणं सोपं आहे. तळाचा दाब काढायचा तर त्यात सीओटूच्या उभ्या स्तंभाचं वजन मिळवायचं आणि पाइपमधल्या घर्षणाचा दाब वजा करायचा. पाण्याच्या विहिरीत हे गणित चटकन होतं, कारण पाण्याची घनता फारशी बदलत नाही. सीओटूची घनता दाब आणि तापमानाबरोबर झपाट्याने बदलते. उन्हाळ्यात वरून येणारा सीओटू जास्त गरम, हिवाळ्यात थंड, विहीर बंद पडली की आणखी वेगळा. १,९०० मीटरच्या स्तंभात सरासरी घनतेचा अंदाज घनमीटरला १०० किलोने चुकला, तर तळाच्या दाबात सुमारे १८ ते १९ बारची चूक होते. खडक तडकण्याच्या दाबाच्या जवळ काम करत असाल तर सुरक्षिततेचा सगळा फरक एवढ्यातच संपू शकतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. तळाशी पोचणारा सीओटू १,९०० मीटर खोलीवरच्या खडकाहून थंड असतो. खडक विहिरीभोवती आकुंचन पावतो, तिथला दाबून धरणारा ताण कमी होतो आणि भेग उघडायला लागणारा दाब खाली येतो. पहिल्या वर्षी सुरक्षित असलेला दाब तिसऱ्या वर्षीही सुरक्षित असेलच असं नाही.

घटना

पहिली खूण जून २००७ मध्ये मिळाली. केबी-५०२ पासून वायव्येला सुमारे १.३ किलोमीटरवर केबी-५ नावाची जुनी उभी विहीर होती. गॅस क्षेत्राची चाचपणी करताना ती खोदली होती आणि पुढे नुसती बंद ठेवली होती. सिमेंटने कायमची बुजवलेली नव्हती. नेहमीच्या पाहणीत तिच्या वेलहेडपाशी सीओटू निघताना आढळला. नमुन्यात केबी-५०२ चं ट्रेसर सापडलं आणि शंकेला जागा उरली नाही. हवेत गेलेल्या सीओटूचं प्रमाण नगण्य होतं, अंदाजे ०.१ टन. पण खरी बातमी गळतीच्या आकड्यात नव्हती. सीओटूने १.३ किलोमीटर अंतर तीन वर्षांच्या आत कापलं होतं. सगळ्या दिशांना सारखा पसरणारा सीओटू इतक्या लवकर तिथवर येत नाही. तो भेगांच्या दिशेने पळाला होता.

दुसरी खूण उपग्रहाची. तिन्ही विहिरींवरची जमीन वर्षाला साधारण ५ मिलीमीटरने वर येत होती, आणि जिथून गॅस काढला जात होता तिथली खचत होती. केबी-५०१ आणि केबी-५०३ वर हा उंचवटा एकाच गोलसर फुगवट्यासारखा होता. केबी-५०२ वर मात्र दोन समांतर फुगवटे आणि मध्ये किंचित खोलगट पट्टा दिसला. नुसता आडवा थर दाबाने फुगला तर वर एकच उंचवटा येतो. खाली उभी भेग उघडली तर ती दोन्ही बाजूंचा खडक ढकलते आणि वर असे दोन फुगवटे येतात. म्हणजे केबी-५०२ खाली वायव्य-आग्नेय दिशेत एक उभा पट्टा उघडला होता.

पर्याय

केबी-५ बाबत फारसा विचार करायचा नव्हता. ती सिमेंटने कायमची बुजवली गेली. केबी-५०२ चं काय करायचं हा अवघड प्रश्न होता, आणि समोर चार रस्ते होते.

एक, आहे तसं चालू ठेवणं. गळती थांबली होती, गोड्या पाण्यापर्यंत काही पोचल्याचा पुरावा नव्हता. पण उघडलेला पट्टा वर कुठवर गेला आहे हेच माहीत नव्हतं.

दोन, केबी-५०२ बंद करून तिचा वाटा उरलेल्या दोन विहिरींत घालणं. यात अडचण दुसरीकडे सरकते. थर तोच, पारगम्यता तशीच, आणि मग केबी-५०१ आणि केबी-५०३ चा दाब वाढतो.

तीन, आणखी विहिरी खोदून दर विहिरीमागचं प्रमाण कमी करणं, किंवा थरातलं खारं पाणी बाहेर काढून सीओटूसाठी जागा करणं. तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात चांगला मार्ग. खर्च मात्र मोठा, आणि परतफेड शून्य.

चार, इंजेक्शन थांबवून सीओटू हवेत सोडणं. गॅसची विक्री यामुळे अडत नव्हती, आणि म्हणूनच हा पर्याय कायम हाताशी होता.

काय केलं

केबी-५०२ २००७ च्या मध्यात बंद झाली आणि नोव्हेंबर २००९ पर्यंत बंद राहिली. दरम्यान २००८ मध्ये जोखमीचं संख्यात्मक मूल्यांकन झालं. २००९ मध्ये क्षेत्राच्या उत्तर भागाचा नवा त्रिमितीय सर्व्हे घेतला गेला. त्याच वर्षी एका उथळ विहिरीत जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपनं टिपणारी उपकरणं, बसवून सूक्ष्म भूकंपांची नोंद सुरू झाली.

नव्या सर्व्हेत केबी-५०२ जवळ वायव्य-आग्नेय दिशेतला लांब, सरळ पट्टा दिसला. इन्सारवरून जिथे भेग असायला हवी होती, तिथेच. दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी एकच जागा दाखवली, हा या प्रकरणातला सगळ्यात समाधानाचा भाग आहे. हा पट्टा कॅप रॉकच्या खालच्या भागात शिरला होता, पण वरचे शेकडो मीटर जाडीचे थर शाबूत होते.

जिओफोनच्या बाबतीत नशीब आडवं आलं. बसवलेल्या संचातला एकच त्रिदिश जिओफोन धड चालला. एका जिओफोनवरून अंतर आणि ढोबळ दिशा काढता येते, अचूक जागा नाही. तरी पुढच्या विश्लेषणात ९,००० हून जास्त धक्के मोजले गेले. सगळ्यात मोठा १.७ तीव्रतेचा, म्हणजे जमिनीवर कुणाला जाणवणारही नाही असा. पण केबी-५०२ चा दाब चढला की धक्क्यांची संख्या वाढायची, उतरला की घटायची. खडक स्वतःच सांगत होता की मर्यादा ओलांडली जाते आहे. फक्त हे विश्लेषण त्या दिवसांतल्या निर्णयांसाठी वेळेत हाती आलं नाही.

जून २०१० मध्ये जोखमीचा नवा आढावा घेऊन इंजेक्शनचा दाब उतरवण्यात आला. दाब उतरवला की आत जाणारं प्रमाणही घटतं, हे १० मिलीडार्सीच्या खडकात अटळ आहे. जून २०११ मध्ये तिन्ही विहिरींचं इंजेक्शन थांबलं आणि ते पुन्हा सुरू झालं नाही. देखरेख त्यानंतरही चालू राहिली.

परिणाम

मूळ आराखड्यात क्षेत्राच्या आयुष्यात सुमारे १ कोटी ७० लाख टन साठवणं धरलं होतं. साठले ३८ लाख. त्या खोलीवर सीओटूची घनता घनमीटरला ५०० किलोच्या थोडी वर धरली, तर खडकात साधारण ७० लाख घनमीटर जागा व्यापली गेली. तो सीओटू कॅप रॉकच्या शाबूत थरांखाली अडकून आहे. भूजलात सीओटू पोचल्याची नोंद नाही. त्यामुळे या प्रकल्पाला ‘गळका’ म्हणणं अन्यायाचं आहे. साठवण टिकली. ठरलेल्या वेगाने साठवणं मात्र खडकाला झेपलं नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी जुन्या विहिरी. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक जुन्या विहिरीची फाइल उघडून केसिंगमागचं (विहिरीतल्या पोलादी नळीमागचं) सिमेंट कुठवर आहे, प्लग, म्हणजे विहीर बंद करणारी बुचं, कुठे आहेत आणि वेलहेडची स्थिती काय, हे तपासून ज्या भेगांच्या रेषेत येतात त्या आधी बुजवायला हव्या होत्या. अंतरापेक्षा दिशा महत्त्वाची. केबी-५ सीओटूच्या वाटेत आली ती जवळ होती म्हणून नव्हे, ताणाच्या दिशेत होती म्हणून. भारतात गुजरातमधल्या कोयली रिफायनरीतला सीओटू गंधारच्या तेलक्षेत्रात घालण्याचा विचार पुढे आला आहे. जुन्या तेलक्षेत्रात खोदलेल्या विहिरी क्रेश्बाहून कितीतरी दाट असतात. तिथे हे काम इंजेक्शनच्या आराखड्याच्या आधी यायला हवं.

दुसरं, दाबाची मर्यादा. वालुकाश्म आणि त्यावरचा कॅप रॉक या दोन्हींत, खोदतानाच, थोडं पाणी दाबून भेग उघडण्याचा आणि मिटण्याचा दाब मोजता येतो. विहीर उघडी असते तेव्हा हे काही तासांचं काम आहे. नंतर करायचं तर वेगळी मोहीम लागते. दोन खडकांच्या आकड्यांपैकी लहान आकडा घ्यायचा, थंड होण्याची वजावट करायची, आणि त्याच्या ठरावीक टक्के खाली तळाच्या दाबाची रेषा आखायची. ही रेषा तळाच्या मापकावरच पाहायची; वेलहेडच्या आकड्यावरून काढलेला अंदाज पुरेसा नाही.

तिसरं, सूक्ष्म भूकंपांची यंत्रणा पहिल्या दिवसापासून हवी, एकाऐवजी तीन-चार जागी हवी, आणि नोंदी त्याच दिवशी वाचणारा माणूस हवा. किती धक्के किंवा किती तीव्रता आली की इंजेक्शनचा दर कमी करायचा आणि केव्हा पूर्ण थांबायचं, हे कागदावर आधी हवं. कोयनेच्या परिसरात १९६७ चा ६.३ तीव्रतेचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्राला जमिनीतल्या पाण्याच्या दाबाचा आणि भूकंपांचा संबंध नवा नाही. दख्खनच्या बसाल्टमध्ये सीओटू मुरवण्याची चर्चा होते, तेव्हा जागा निवडताना हा निकष पहिल्या ओळीत असावा.

केबी-५०२ नोव्हेंबर २००९ मध्ये पुन्हा सुरू करण्याच्या निर्णयाबाबत मतं वेगळी असू शकतात. बाजूने सांगता येतं की नवा सर्व्हे झाला होता आणि केबी-५ बुजली होती. तरीही तळाचा दाब मोजण्याची सोय न करता तीच विहीर पुन्हा दाबाखाली आणणं घाईचं होतं. दोन वर्षं विहीर बंद होती. त्या काळात तारेने तळाशी मापक उतरवणं, कॅप रॉकचा दाब मोजणं आणि मगच नवा दर ठरवणं शक्य होतं. दर निम्मा ठेवून सुरुवात केली असती तर कदाचित २०११ नंतरही काही लाख टन सीओटू सुरक्षितपणे आत गेला असता, कारण केबी-५०१ आणि केबी-५०३ वर दुहेरी फुगवटा कधी दिसला नव्हता.